आरएक्स-८ सुरू होत नाहीये, सेल फिरतोय पण इंजिन पकडत नाही

एडिसन_सांगलीकर:

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, काही चुकलं तर समजून घ्या. माझ्याकडे २००५ ची माझदा आरएक्स-८ आहे, रोटरी इंजिनची (पिस्टनऐवजी आत गोल फिरणारा रोटर असतो ते, त्यालाच वँकेल म्हणतात), ६ गिअरची मॅन्युअल, सव्वा वर्षापूर्वी सेकंडहँड घेतली, सध्या ९४ हजार मैल झालेत. इकडे न्यू जर्सीत शनिवारी बर्फ पडला म्हणून गॅरेजसमोरचा बर्फ काढायला गाडी बाहेर घेतली, जेमतेम वीस फूट मागे घेतली असेल, आणि बंद केली. अर्ध्या तासाने परत आत लावायला गेलो तर सुरूच होईना. सेल मारला की इंजिन फिरतंय, नेहमीपेक्षा थोडं जोरातच फिरतंय असं वाटतं, पण पकडत नाही, एकदाही ठसकलं सुद्धा नाही.

मग मी दहा-बारा वेळा सेल मारला असेल, मधेच थोडी रेस देऊन बघितली, शेवटी बॅटरी बसली. बायकोच्या गाडीवरून जम्प लावला, परत सहा-सात वेळा मारला, तेच. टाकी अर्धी आहे, चावी फिरवली की मागून फ्युएल पंपचा हुंकार ऐकू येतो, चेक इंजिनचा लाइट नव्हता. जवळच्या एका गॅरेजला फोन केला तर तो म्हणाला रोटरीला आम्ही हात लावत नाही, दुसऱ्याने गाडी न बघताच सांगितलं की इंजिन गेलं, नवीन टाकायला पाच हजार डॉलरच्या पुढे जाईल.

मेकॅनिकलला असताना आमच्या पुस्तकात वँकेल इंजिनची एक आकृती होती, मधे तिकोनी रोटर आणि बाहेर भुईमुगाच्या शेंगेसारखं हाउसिंग. परीक्षेला ते कधी आलं नाही पण वहीच्या मागच्या पानांवर मी ते कितीतरी वेळा काढलंय. १९९१ ला ली माँची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदाच्या रोटरी गाडीचा, ७८७बी चा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ठरवलं होतं की एक दिवस रोटरी घ्यायची. त्यामुळे कृपा करून "विकून टाक" म्हणू नका. इंजिन खरंच गेलंय का, की अजून काही करता येईल, आणि टो करून न्यायची तर आधी घरी काय काय तपासू?

शारजा_कोल्हापूर:

भावा, पहिलं म्हणजे सेल मारायचा बंद कर. आता एकदा सुद्धा मारू नको.

मी १४ वर्षं शारजात गॅरेजमध्ये काम करतोय, आरएक्स-८ इकडं बऱ्याच आल्या होत्या, आणि तू जे लिहिलंयस ना "वीस फूट मागे घेतली आणि बंद केली" तिथंच सगळं आलं. इंजिन गेलेलं नाही, पेट्रोल प्यायलंय. फ्लड झालंय. इकडं थंडी नाही तरी हेच होतं, लोक गाडी धुवायला सावलीतून बाहेर काढतात आणि लगेच बंद करतात, संध्याकाळी फोन येतो की गाडी सुरू होईना.

थंड इंजिनला कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, आणि तू ते जळायच्या आत चावी बंद केलीस. पिस्टनच्या इंजिनात काही पेट्रोल रिंगावरून खाली ऑइल पॅनमध्ये तरी उतरतं, रोटरीत ते बरंचसं हाउसिंगच्या आतच बसून राहतं. रोटरच्या तीन टोकांना ज्या पट्ट्या असतात, अपेक्स सील म्हणतात त्याला, त्या हाउसिंगला घट्ट बसतात ते मधल्या ऑइलच्या पापुद्र्यामुळं. पेट्रोलनं तो पापुद्रा धुऊन काढला की कॉम्प्रेशन जातं, कॉम्प्रेशन गेलं की ठिणगी पडून उपयोग नाही, आणि तू प्रत्येक सेलला आणखी पेट्रोल आत घालतोयस. जोरात फिरतंय म्हणालास ते त्याच्यामुळंच, इंजिनला दाबायला काही राहिलंच नाही.

आता दोन गोष्टी बघ. सायलेन्सरच्या तोंडाशी जाऊन वास घे, कच्च्या पेट्रोलचा वास येणार. आणि ऑइलची डिपस्टिक काढून नाकाशी धर, तिला पण पेट्रोलचा वास असला तर सुरू झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलायचाच, तसंच चालवू नको.

मग बॅटरी काढून घरात रात्रभर चार्जरवर लाव. जम्पवर हे काम करू नको, सेल मंद फिरला तर रोटरी उठत नाही. दुसऱ्या दिवशी आधी साधा उपाय: रेस पूर्ण खालपर्यंत दाबायची, जमिनीला टेकवायची, तशीच दाबून धरून सेल मारायचा. रेस पूर्ण दाबलेली असली की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो, नुसती हवा जाते. तू मधेच "थोडी रेस" दिलीस त्यानं काम आणखी बिघडलं. आठ-दहा सेकंद मार, मग मिनिटभर स्टार्टरला गार होऊ दे, असं तीन-चार वेळा. नाही झालं तर प्लग काढायचे, ते सांगतो रात्री, आता गिऱ्हाईक आलंय.

बारामती_८००:

मॅन्युअल आहे ना मग धक्का मारून सेकंड गिअरला सोडा की, चार पोरं जमवा, उतार असेल तर अजून सोपं. आमची ८०० अशीच उठायची हिवाळ्यात.

एडिसन_सांगलीकर:

@शारजा_कोल्हापूर दादा, जीव भांड्यात पडला. सायलेन्सरला वास इतका आहे की दोन फुटांवरून येतो. डिपस्टिकला पण थोडा येतो. बॅटरी काढून आत आणलीय, चार्जिंगला लावली.

काल रात्री वडलांशी व्हिडिओ कॉलवर बोललो, ते सांगलीला असतात, आयुष्यभर चेतक चालवली, आवाज ऐकून म्हणाले "प्लग ओला झालाय, काढून पूस". मी त्यांना म्हटलं बाबा हे वेगळं इंजिन आहे, यात व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन नाहीत. ते म्हणाले "प्लग आहे ना? मग ओला होणारच."

@बारामती_८०० उतार आहे पण खाली बर्फ आहे, भीती वाटते.

ऑकलंडकरीण:

धक्का मारू नकोस, आणि कारण बर्फ नाही. आत एवढं कच्चं पेट्रोल असताना गाडी ओढून सुरू केलीस तर ते सगळं कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन तिथे जळतं, कॅट लाल होतो, आतली जाळी वितळते. मग एक्झॉस्ट चोंदतो आणि गाडी सुरू झाली तरी तिला दम राहत नाही. इकडे न्यूझीलंडमध्ये रोटरीचं वेड आहे, जपानहून जुन्या गाड्या येतात, आमच्या गल्लीतच तीन आहेत, त्यातल्या एकीचा कॅट असाच गेलेला मी स्वतः बघितलाय. माझी २००४ ची आहे, १२ वर्षं झाली, दोनदा फ्लड झाली आणि दोन्ही वेळा मीच बाहेर काढली, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझे वडील अगदी बरोबर बोलले. चार प्लग आहेत, प्रत्येक रोटरला दोन. बोनेट उघडून वरून शोधू नकोस, दिसणार नाहीत. पुढचं डावं चाक काढायचं, तुझ्याकडे ड्रायव्हरच्या बाजूचं, आमच्याकडे पॅसेंजरच्या, की आतल्या बाजूला इंजिनच्या कुशीत समोरच दिसतात, दोन वर दोन खाली. खालचे लीडिंग (आधी ठिणगी देणारे), वरचे ट्रेलिंग (मागाहून देणारे), आणि हे दोन वेगळे प्लग आहेत, एनजीके कंपनीचा लीडिंग आरई७सी-एल, ट्रेलिंग आरई९बी-टी. अदलाबदल करायची नाही. वायरींना काढायच्या आधी टेप लावून नंबर घाल आणि फोनवर फोटो काढून ठेव. गाडी जॅकवर सोडू नकोस, स्टँड लाव, आणि खाली बर्फ नको, फरशी कोरडी कर.

प्लग काढायच्या आधी कॉइलचे (प्लगला ठिणगीची वीज देतात त्या) चारही कनेक्टर काढून ठेव आणि फ्युएल पंपाचा फ्यूज काढ, फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. मग प्लग काढून सेल मारलास की त्या भोकांतून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो, खरोखर फवारा, समोर उभं राहायचं नाही, जुना टॉवेल धर. आसपास ठिणगी, सिगारेट, हीटर काही नको. गाडी बाहेर अडकलीय ते बरंच झालं म्हणायचं, तुमच्याकडे गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असतो ना, त्याच्याजवळ हे काम अजिबात करायचं नाही. पाच-सहा सेकंदांचे चार-पाच सेल, फवारा थांबेपर्यंत.

त्यानंतर खालच्या, म्हणजे लीडिंगच्या भोकातून प्रत्येक रोटरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोड, सिरिंजला छोटी नळी लावून, आणि दोन सेकंद सेल मार म्हणजे तिन्ही बाजूंना लागेल. हाच तो पापुद्रा परत द्यायचा. प्लग नवे असले तर उत्तम, नाहीतर जुने पुसून, वाळवून, ब्रश मारून लाव. आधी हाताने फिरवून बसव, मगच पाना, हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर रडायची वेळ येते. फ्यूज लाव, कॉइल लाव, पहिला सेल रेस पूर्ण दाबून, ठसकायला लागली की हळूहळू रेस सोड. सुरू झाल्यावर पांढरा-निळा धूर येईल, भरपूर येईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव. ते ऑइल जळत असतं. तापमानाचा काटा मधे येईपर्यंत बंद करायची नाही, काही झालं तरी.

बॅटरी काढलीस ना, तर परत लावल्यावर एक काम: चावी ऑन कर, इंजिन सुरू करू नको, आणि ८ सेकंदांत २० वेळा ब्रेक दाब. ऑइल प्रेशरचा काटा पडून परत वर येतो, म्हणजे कॉम्प्युटरने जुनं शिकलेलं पुसलं. काही गाड्यांना नंतर लगेच फरक पडतो.

नाशिक_लेथ:

ताई, विषयांतर होतंय पण एक विचारू का, एवढी पट्टी हाउसिंगला घासत फिरणार, ती टिकते कशी? आमच्या लेथवर टूल थोडं सैल असलं तरी जॉबवर लाटा उमटतात.

ऑकलंडकरीण:

विषयांतर नाही, बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलंस. हिरोशिमाला माझदाच्या लोकांना सुरुवातीला नेमकं तेच झालं. हाउसिंगच्या आतल्या क्रोमवर लाटांसारखे ओरखडे पडायचे, पट्टी थरथरायची म्हणून. त्याला ते लोक सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. यामामोतो केनिची यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर त्यावर बसले होते, शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम भरून केलेल्या सीलनी ते सुटलं आणि १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. नंतर सील लोखंडाचे आले. तेव्हापासून आजपर्यंत सगळी मदार त्या पट्टीवर आणि तिच्या ऑइलवर, म्हणून तर रोटरीत एक छोटा पंप मुद्दाम थोडं थोडं इंजिन ऑइल आत सोडत असतो. लोक "ऑइल खाते" म्हणून घाबरतात, ते खायलाच हवं. दर दुसऱ्या पेट्रोल भरण्याला डिपस्टिक बघायची, बस.

शारजा_कोल्हापूर:

ताईंनी सगळं सांगितलं, मला फक्त एकच सांगायचंय. सुरू झाली की खूश होऊन थांबू नको. कॉम्प्रेशन मोजून घे. साध्या गेजनं मोजू नको, एका रोटरला तीन बाजू असतात आणि साधं गेज सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा धरून बसतं, बाकीच्या दोन मेलेल्या असल्या तरी कळत नाही. रोटरीचा वेगळा टेस्टर असतो, तिन्ही आकडे दाखवतो, आणि सेल किती आरपीएमला फिरला ते पण. २५० आरपीएमला ८३० किलोपास्कल म्हणजे नवं इंजिन, ६८० च्या खाली गेलं की कंपनीच्या हिशोबानं संपलं. पीएसआयमध्ये साधारण १२० आणि ९९.

टेस्टर मिळेपर्यंत कानानं बघ. फ्यूज काढून, रेस दाबून सेल मार आणि ऐक. चांगलं इंजिन फुस, फुस, फुस असं सारख्या ठेक्यात श्वास टाकतं. ठेक्यात एक फुस कमी पडली तर एका बाजूचं साइड सील (रोटरच्या सपाट अंगावरची पट्टी), लागोपाठ दोन कमी पडल्या तर अपेक्स सील, कारण एक पट्टी दोन बाजूंच्या मधे असते. नुसतं सपाट घर्रर्र असलं तर एकतर फ्लड, नाहीतर मग खरंच गेलं.

आणखी एक, गाडी गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी सुरू कर. थंडीत सुरू होते आणि गरम असताना होत नाही, तर ते कॉम्प्रेशन. गरमला झटक्यात होते आणि थंडीलाच त्रास देते, तर प्लग, कॉइल, बॅटरी, स्टार्टर यांच्याकडं बघ. २००५ च्या गाडीला आधीचा स्टार्टर असंल, नंतर जास्त ताकदीचा आला, तो लगेच बसतो. कॉइल कधी बदलल्या होत्या विचार. ३०-४० हजार मैलांवर त्या बदलाव्या लागतात, पुस्तकात लिहिलेलं नाही पण आम्ही सगळे तेच करतो.

एडिसन_सांगलीकर:

झाली! सुरू झाली!

सगळं लिहितो. रविवारी सकाळी बॅटरी लावली, ब्रेकचं ते २० वेळाचं केलं, काटा खरंच पडून वर आला. रेस पूर्ण दाबून चार वेळा सेल मारला, तिसऱ्याला एकदा ठसकली पण पकडलं नाही. मग चाक काढलं. प्लग काढले तर चारही ओले, खालचे दोन तर निथळत होते, आणि टोकावर काळं कवच, पाचवी-सहावीला आम्ही शाळेत दौतीत बुडवलेला टाक असायचा तसं दिसत होतं. सेल मारल्यावर फवारा एवढा आला की टॉवेल पिळता आला असता. पाचव्या सेलला नुसती हवा आली, आणि तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकला, फुस, फुस, फुस. वडील व्हिडिओवर होते, फोन चाकाच्या खळग्याशी धरला, ते काही बोलले नाहीत, नुसतं ऐकत होते.

ऑइल सोडलं, नवे प्लग लावले, लीडिंग खाली ट्रेलिंग वर, तीनदा तपासलं. दुसऱ्या सेलला ठसकली, तिसऱ्याला पकडलं, आधी एकाच रोटरवर लंगडत होती, मग दहा-बारा सेकंदांनी दुसरा पण आला आणि आवाज एकदम भरला. धूर इतका की समोरचं घर दिसेना, समोरच्या काकू दारात आल्या, त्यांना आधी सांगितलं होतं म्हणून हात करून आत गेल्या. पंचवीस मिनिटं चालू ठेवली. संध्याकाळी ऑइल आणि फिल्टर बदलला, जुनं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं.

काल सुट्टी टाकून पेनसिल्व्हेनियात एका रोटरीवाल्याकडे नेली, दोन तासांवर आहे. २५० आरपीएमला जुळवून आकडे असे: पुढचा रोटर १०५, १०३, १०६. मागचा ९७, ९५, ९८. पीएसआय. कॉइल चारही पहिल्याच आहेत म्हणाला, खालच्या बाजूला तडे गेलेत. गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी सुरू केली, दोन-तीन सेकंद सेल मारावा लागला पण झाली. हे आकडे वाईट आहेत का? खरं सांगा.

शारजा_कोल्हापूर:

खरं सांगतो. पुढचा चांगला आहे. मागचा कंपनीच्या रेषेच्या किंचित खाली आहे, ९९ च्या जवळ. पण तिन्ही बाजू सारख्या आहेत हे महत्त्वाचं, ९७-९५-९८, म्हणजे पट्टी तुटलेली नाही, सगळं सारखं झिजलंय. दोन रोटरमधला फरक पण १४ च्या आत आहे. अशा इंजिनावर मी लोकांना दोन-दोन वर्षं चालवताना बघितलंय, थंडीत फ्लड होऊ दिलं नाही तर. माझदानं २००४ ते २००८ च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी अमेरिकेत ८ वर्षं किंवा १ लाख मैल केली होती, पण तुझ्या गाडीची मुदत कधीच संपली, त्यामुळं इंजिन बांधायचे पैसे आतापासून बाजूला टाकायला लाग, घाई नाही.

आत्ता कॉइल आणि वायरी बदल, चारही एकदम. अर्धवट जळालेलं पेट्रोल कॅटमध्ये जातंय सध्या. मग स्टार्टर. पेट्रोल भरताना गॅलनला अर्धा औंस टू-स्ट्रोक ऑइल टाकत जा, सीलला तेवढाच आधार. आणि गाडी एकदा सुरू केली की काटा मधे येईपर्यंत बंद करायची नाही, दोन फूट सरकवायची असली तरी. बंद करायच्या आधी दहा सेकंद ३००० आरपीएमवर धर आणि मग चावी फिरव, जुने रोटरीवाले सगळे असंच करतात.

ऑकलंडकरीण:

मागच्या रोटरच्या आकड्याने झोप घालवू नकोस. माझी १२ वर्षांपूर्वी घेतली तेव्हा मागचा ९६ होता, तीन वर्षं चालवली मग इंजिन उतरवलं. आणि ऑइल बदललंस ते फार बरं केलंस, पुष्कळ लोक तेच विसरतात आणि मग बेअरिंग जातं.

एडिसन_सांगलीकर:

कॉइल आणि वायरी आज मागवल्या, शुक्रवारी येतील. गुरुवारी परत बर्फ सांगितलाय, गाडी आत आहे, हलवणार नाही. वडलांनी ते चार जुने प्लग पिशवीत घालून जपून ठेवायला सांगितलेत, मार्चमध्ये ते इकडे येतायत, त्यांना हातात घेऊन बघायचेत. स्टार्टर तेव्हाच काढू, दोघं मिळून.